आई सहा महिने न्यू जर्सीला, नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कसा द्यायचा?

तापीकाठ (३ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. आई जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी अमळनेर तालुक्यात झाली. बहीण न्यू जर्सीत असते, तिचं बाळंतपण ऑक्टोबरात आहे. आई सप्टेंबरात निघेल आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परत येईल. म्हणजे नोव्हेंबर नेमका तिकडे जाणार. दरवर्षी ती नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पंचायत समितीत स्वतः जाऊन हयातीचा दाखला देते. जुन्या मैत्रिणी तिथेच भेटतात, त्यामुळे तो दिवस तिच्यासाठी सणासारखाच असतो.

तिकडून दाखला देता येतो का? राहिलाच तर पेन्शन बुडते का? आणि बहिणीच्या मनात आईला पुढे कायमचं तिकडे न्यायचं आहे. तसं झालं तर पेन्शनचं, बँकेच्या खात्याचं आणि कराचं काय होतं?

आईला पेन्शनचं किती आहे ते सांगतो. नातवंडांचे कपडे, पाहुण्यांचा अहेर, तिची औषधं, सगळं ती स्वतःच्या पैशातून करते. मी पैसे काढले तर रागावते. परदेशात तिला लेक-जावयापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, एवढं मला बघायचं आहे.

भुसावळ जंक्शन (३ ऑगस्ट)

मी रेल्वेचा पेन्शनर. आधी हे बघा की पेन्शन कोण देतं. आम्हा केंद्रवाल्यांची बँकेमार्फत येते, त्यामुळे दाखला बँकेत नाहीतर जीवन प्रमाण या सरकारच्या ऑनलाइन सोयीवर. जीवन प्रमाण १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झालं तेव्हा बोटाचा ठसा लागायचा. माझं आयुष्य लोको शेडमध्ये गेलं, बोटांवर रेषा राहिल्यात कुठे! मशीन लाल दिवा दाखवायचं आणि मागची रांग कुरकुरायची. २०२१ पासून चेहऱ्यावरून होतं. मोबाइलवर दोन ॲप घ्यायची, एक आधार फेस आरडी आणि दुसरं जीवन प्रमाण. उजेडात बसायचं, चष्मा काढायचा, डोळे मिचकव म्हटलं की मिचकवायचे. नात ओसरीवर बसवून करून देते.

वरणगाव फॅक्टरीतले आमचे मित्र संरक्षण खात्यात येतात, त्यांचं काम 'स्पर्श' नावाच्या पोर्टलवर. तुमच्या आईंचं यातलं काहीच नाही, जि.प.चं वेगळं असतं.

वरणबट्टी (३ ऑगस्ट)

भो, मी जित्ता शे तर पेन्शन जित्ती शे! आमचे आजोबा दर नोव्हेंबरला हेच म्हणत घरातून निघायचे.

कोषागारवाले काका (४ ऑगस्ट)

मी कोषागारात नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राज्य सरकारच्या पेन्शनरांना पैसे कोषागारातून जातात. नोव्हेंबरात कोषागार बँकांना यादी पाठवतं, पेन्शनरने आपल्या शाखेत जाऊन स्वतःच्या नावापुढे सही करायची, झाला दाखला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची पेन्शन मात्र जिल्हा परिषदेकडून पंचायत समितीमार्फत येते. म्हणून तुमच्या आईंचा कागद अमळनेरच्या पंचायत समितीतच पोचला पाहिजे. जळगावला कोषागारात पाठवलात तर तो तिथेच पडून राहील. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण त्यांच्या यादीत ते नावच नसतं.

पैसे बुडत नाहीत, ती भीती काढून टाका. दाखला आला नाही तर पुढच्या महिन्यांची पेन्शन थांबते, आणि दाखला पोचल्यावर थकबाकीसह सुरू होते. फक्त थांबलेली पेन्शन सुरू करायला कागद पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरतो. ज्याचं औषधपाणी त्यावर चालतं त्याला ते दोन-तीन महिने फार जड जातात.

परदेशातून देता येतो. केंद्राच्या नियमात भारतीय वकिलातीचा अधिकारी, मॅजिस्ट्रेट, नोटरी किंवा बँकेचा अधिकारी यांनी सही केलेला दाखला चालतो, पेन्शनरने स्वतः हजर राहायची गरज नसते. तुम्ही मात्र वकिलातीचाच आणा. तिकडच्या नोटरीचा शिक्का आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कुणी पाहिलेला नसतो, टेबलावरचा माणूस घाबरतो आणि 'वर विचारून सांगतो' म्हणतो. अशोकस्तंभाच्या शिक्क्याला कुणी असं म्हणत नाही.

जाण्यापूर्वी पंचायत समितीतून कोरा नमुना घ्या आणि आई परदेशी जाणार असल्याचा साधा अर्ज देऊन पोच घ्या. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, झेरॉक्स आईच्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

सातपुडा (४ ऑगस्ट)

एवढा खटाटोप कशाला? सप्टेंबरात निघताना कोऱ्या नमुन्यावर आईची सही घेऊन ठेवा. नोव्हेंबरात तुम्ही तारीख टाकून देऊन या. नाहीतर भावाच्या नावाने मुखत्यारपत्र करा. आमच्याकडे सगळे असंच करतात.

कोषागारवाले काका (४ ऑगस्ट)

सातपुडा, हे करू नका आणि दुसऱ्यालाही सांगू नका. मुखत्यारपत्रावर दुसरा माणूस पैसे काढू शकेल, कागद पोचवू शकेल, पण 'मी जिवंत आहे' हे तिच्या वतीने तो सांगू शकत नाही. दाखल्यावर अधिकारी सही करतो ती 'ही व्यक्ती माझ्यासमोर हजर होती' या वाक्याखाली. पासपोर्टवर अमेरिकेत उतरल्याची तारीख आणि अमळनेरच्या दाखल्यावर त्यानंतरची तारीख, हे कधी ना कधी कुणीतरी शेजारी ठेवून बघतं. एका घरी वडील वारले तरी असेच सह्यांचे कागद जात राहिले. पुढे वसुली निघाली, गुन्हा दाखल झाला, आणि त्या माउलीची कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइलही त्यातच अडकली. तिचा काही दोष नव्हता, पण भोगलं तिनंच. हे मी माझ्या टेबलावरून पाहिलेलं आहे.

सातपुडा (४ ऑगस्ट)

काका, शेवटचं वाचून गप्प बसलो. मागे घेतो.

पारोळेकर परदेशी (५ ऑगस्ट)

मी एडिसनजवळ राहते, माहेर पारोळा. सासरे राज्य सरकारचे पेन्शनर आणि ते इथेच असतात, त्यामुळे हा रस्ता ओळखीचा आहे.

न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाखाली येतं. नोव्हेंबरात दूतावास पेन्शनरांसाठी शिबिरं घेतो, त्यातली काही न्यू जर्सीतच असतात. तारखा त्यांच्या संकेतस्थळावर लागतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून बघत राहा. आईंना स्वतः जावं लागेल. पासपोर्ट, व्हिसाचं पान, पीपीओ आणि भरलेला नमुना घेऊन जा. सही मात्र घरून करून नेऊ नका, अधिकाऱ्यासमोरच करायची. आमच्याकडून फी घेतली नव्हती.

मागच्या शिबिरात सासऱ्यांच्या पुढे एक आजोबा होते. पेन घेतलं, तारीख लिहिली आणि सहीला हात थरथरायला लागला. अधिकारी तरुण होता. त्याने कागदाखाली जाड पुठ्ठा सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, 'आजोबा, घाई नाही.' परदेशात असं कुणी आपल्या भाषेत बोललं की किती बरं वाटतं.

मिळालेल्या दाखल्याचा फोटो आधी अमळनेरला पाठवा, मग मूळ कागद कुरिअरने. पावती जपून ठेवा.

वरणबट्टी (५ ऑगस्ट)

आणि आईंच्या बॅगेत कळण्याचं पीठ आणि बिबडे टाका. बाळंतिणीला डिंकाचे लाडूही.

पारोळेकर परदेशी (५ ऑगस्ट)

पीठ, बिबडे, लाडू सगळं येतं, फक्त विमानतळावर फॉर्ममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिहायचं. बियाणं आणि ताजी फळं आणू नका. आमच्या ओळखीच्या एकांनी रावेरची केळी आणली होती, ती विमानतळावरच राहिली. आणि शेवभाजीचा काळा मसाला माझ्यासाठीही थोडा, मी येऊन घेऊन जाईन!

चाळीसगावची लेक (६ ऑगस्ट)

ऑनलाइन दाखला अमेरिकेतून का नाही करत? आधार आहे, फोन आहे.

भुसावळ जंक्शन (६ ऑगस्ट)

केंद्रवाल्यांना तो पर्याय बघता येईल. पण जीवन प्रमाणमध्ये पेन्शन मंजूर करणारं आणि वाटणारं कार्यालय यादीतून निवडावं लागतं. चुकीचं निवडलं तरी 'दाखला तयार झाला' असा संदेश येतो, आणि माणूस निर्धास्त राहतो. जि.प.साठी तो चालतो का हे पंचायत समितीत आधी विचारा. शिवाय ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, सिम चालू हवं.

लेखापाल जळगाव (७ ऑगस्ट)

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. व्यवसायाने सीए आहे.

लेकीकडे राहून येणं आणि तिकडे स्थायिक होणं, यांचे नियम वेगळे आहेत. आता आई व्हिजिटर व्हिसावर जात आहेत, परत येणार आहेत. खातं आहे तसंच राहू द्या, कुठलाही फॉर्म भरायचा नाही.

उद्या ग्रीन कार्ड घेऊन तिकडेच राहायचं ठरलं तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. पेन्शन त्याच खात्यात जमा होत राहते, बंद होत नाही. पेन्शन हे चालू उत्पन्न असल्यामुळे कर भरून ते पैसे बाहेर नेता येतात, बँक त्यासाठी फॉर्म आणि सीएचा दाखला मागते.

कराचा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. अनिवासी झाल्यावर कमी उत्पन्नावरचा कर माफ करणारी ८७ए ची सूट मिळत नाही. जुन्या पद्धतीत ज्येष्ठ नागरिकांना असलेली ३ लाखांची मर्यादाही फक्त निवासींसाठी आहे. म्हणजे इथे राहून ज्या पेन्शनवर शून्य कर होता, त्याच पेन्शनवर तिकडे राहून कर लागू शकतो. एनआरओ खात्यातल्या व्याजावर ३० टक्के दराने, वर उपकर धरून, कर आधीच कापला जातो.

अमेरिकेच्या बाजूने बघितलं तर दोन देशांच्या करारानुसार सरकारी नोकरीच्या पेन्शनवर कर भारतातच लागतो. मात्र ग्रीन कार्ड घेतल्यावर अमेरिकाही त्यावर कर लावू शकते, आणि ती व्यक्ती अमेरिकेची रहिवासी आणि नागरिकही झाली की तो हक्क अमेरिकेकडे जातो. आणि ग्रीन कार्ड आल्यावर भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर ती माहिती अमेरिकेला दरवर्षी कळवावी लागते. शिक्षिकेच्या मुदत ठेवी धरल्या तर ती मर्यादा सहज ओलांडते. नाही कळवली तर दंड मोठा आहे.

गिरणामाई (७ ऑगस्ट)

सगळे कागदांवर बोलत आहेत. तापीकाठ यांनी हात पसरण्याचं लिहिलंय, मला त्यावर बोलायचं आहे.

माझ्या सासूबाई टेक्सासला दिराकडे राहिल्या. पेन्शन इथे दर महिन्याला जमा होत होती आणि तिथे त्यांच्या हातात एक डॉलर नव्हता. दीर-जाऊ सोन्यासारखी माणसं, काही कमी पडू देत नव्हती. तरी दुकानात नातवाने खेळणं मागितलं की सासूबाई सुनेकडे बघायच्या. जन्मभर शाळेत नोकरी केलेली बाई ती! फोनवर मला म्हणाल्या, 'माझे पैसे आहेत गं, पण ते चाळीसगावला आहेत.' माझ्या पोटात तुटलं.

मग एवढं केलं. त्यांच्याच डेबिट कार्डावर परदेशातला वापर चालू करून घेतला. २०२० पासून नव्या कार्डावर तो मुळात बंदच असतो, ॲपमधून किंवा शाखेतून चालू करावा लागतो. मर्यादा लहान ठेवली. ओटीपीसाठी त्यांचं सिम रोमिंगवर चालू ठेवलं, रिचार्ज मी इथून करायची. रूपांतराचे पैसे बँक कापते, कापू द्या. त्या महिन्यात सासूबाईंनी नातीला फ्रॉक घेतला आणि मला फोटो पाठवला. फोटोत फ्रॉकपेक्षा बिल मोठं दिसत होतं, त्यांनी मुद्दाम हातात धरलं होतं!

आणि तापीकाठ, कार्डाचा पिन आईंनाच ठेवू द्या, लेकीलाही नको. घरोघरी आई-बापाचं एटीएम कार्ड पोरांच्या पाकिटात असतं, ते मला पटत नाही. काळजी घेण्याच्या नावाखाली ते होतं आणि म्हातारपणी माणसाला स्वतःच्याच घरात पाहुणं करून टाकतं.

तापीकाठ (७ ऑगस्ट)

गिरणामाई, वाचून लगेच आईला बँकेत घेऊन गेलो. कार्डाचं काम झालं. पिन तिने माझ्याकडे पाठ फिरवून टाकला.

शिरपूर ते लेस्टर (१० ऑगस्ट)

आमचा प्रवास उलटा, पण विषय तोच म्हणून लिहितो. इंग्लंडमध्ये कारखान्यात काम केलं, आता शिरपूरला परत येऊन शेती बघतो. ब्रिटनची सरकारी पेन्शन इथे मिळते. २०१६ पासूनच्या नव्या नियमात तिच्यासाठी किमान १० वर्षांची वर्गणी आणि पूर्ण पेन्शनसाठी ३५ वर्षांची लागते.

भारतात राहायला आलेल्याची रक्कम मात्र गोठते. तिकडच्यांना दरवर्षी वाढ मिळते, अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनाही मिळते, भारतात राहणाऱ्याला मिळत नाही. आलात त्या दिवशी जेवढे पौंड, तेवढेच शेवटपर्यंत. वर्गणी सगळ्यांनी सारखीच भरली होती, मग हा भेद का? याचा मला मनापासून राग येतो. परतायचा विचार करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

हयातीचा कागद तिकडूनही येतो, टपालाने. साक्षीदाराची सही घेऊन परत पाठवायचा. न पाठवल्यास पैसे थांबतात. पत्ता बदलला आणि कळवला नाही तर कागदच पोचत नाही, हे लक्षात ठेवा. आमचे पोस्टमन भाऊ 'काका, राणीचं पत्र आलं' म्हणून हाक मारायचे. आता राजाचं म्हणतात.

चाळीसगावची लेक (१० ऑगस्ट)

मग अमेरिकेत नोकरी केलेल्यांचं काय? नवऱ्याची तिथे ७ वर्षं झाली, आम्ही परत यायच्या विचारात आहोत.

पारोळेकर परदेशी (१० ऑगस्ट)

इथल्या सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शनसाठी, ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे भारतातल्या नोकरीची वर्षं इथे मोजली जात नाहीत. ७ वर्षांवर परत आलात तर निवृत्तीची पेन्शन मिळणार नाही, पगारातून कापलेलं इथेच राहील. जर्मनीशी भारताचा करार आहे, तो २०१७ पासून लागू झाला. माझा भाऊ तिथे आहे, त्याला ही अडचण नाही.

धरणगावकर (११ ऑगस्ट)

आखातात राहिलेल्यांना पेन्शन वगैरे काही नाही. नोकरी संपताना हिशेब करून रक्कम देतात आणि तिकीट. ज्यांची पोरं आत्ता तिकडे आहेत त्यांना सांगा, घर बांधण्याआधी म्हातारपणाचं बाजूला काढा. गावात मोठे बंगले आहेत, आणि आत राहणाऱ्याला लाइट बिलाची चिंता.

तापीकाठ (१९ ऑगस्ट)

नवीन अडचण. आईच्या पीपीओवर नावाला 'बाई' जोडलेलं आहे, पासपोर्टवर नाही. वडिलांचं नावही एकीकडे 'राव' लावून, एकीकडे तसंच. शिबिरात अडवतील का?

कोषागारवाले काका (१९ ऑगस्ट)

आपल्या भागातल्या निम्म्या पेन्शनरांचं असंच आहे. नोकरीला लागताना मुख्याध्यापकांनी मायेने 'बाई' लिहिलं ते कायमचं झालं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात करून घ्या. नमुन्यावर नाव पीपीओप्रमाणेच लिहा, कारण कागद शेवटी पंचायत समितीत जुळवला जाणार. पासपोर्ट नंबर खाली लिहा. प्रतिज्ञापत्राची एक प्रत आईंकडे, एक तुमच्याकडे.

पारोळेकर परदेशी (२० ऑगस्ट)

काकांचं बरोबर. आमच्या शिबिरातही हे विचारतात, प्रतिज्ञापत्र दाखवलं की पुढे जातं.

दीपनगर (२ सप्टेंबर)

मध्येच विचारतो. मी ईपीएस ९५ वाला, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची पेन्शन घेणारा, मुलाकडे कॅनडाला चाललो आहे. मलाही नोव्हेंबरच धरायचा का?

भुसावळ जंक्शन (२ सप्टेंबर)

तुम्हाला नाही. ईपीएसचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. निघायच्या आदल्या आठवड्यात देऊन टाका, पुढचं वर्षभर मोकळे. जानेवारी २०२५ पासून ती पेन्शन कुठल्याही बँकेत घेता येते, त्यामुळे खातं बदललं म्हणून फाइल हलवायची गरज नाही. रक्कम किती ते विचारू नका. २०१४ पासून किमान १,००० रुपयेच आहे आणि त्यात आजकाल काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. आम्ही केंद्रवाले सुखी आहोत, तुमच्यासाठी मनापासून वाईट वाटतं.

केंद्राच्या पेन्शनरांमध्ये कुणी ८० च्या पुढचे असतील तर त्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. ऑक्टोबरअखेर विमान असेल तर ही सवलत फार कामी येते.

दीपनगर (२ सप्टेंबर)

वर्षभर चालतो हे मला माहीत नव्हतं. तिकीट पुढे ढकलायच्या बेतात होतो. आभार.

तापीकाठ (१४ डिसेंबर)

मंडळी, काम झालं.

आई न्यू जर्सीतल्या शिबिराला बहिणीसोबत जाऊन आली, तान्ह्या नातीलाही घेऊन. 'बाई'बद्दल विचारलंच, प्रतिज्ञापत्र दाखवलं, पुढे काही अडलं नाही. दाखल्याचा फोटो त्याच रात्री आला, तो मी दुसऱ्या दिवशी पंचायत समितीत दाखवला. त्यांनी मूळ कागदच हवा म्हणून सांगितलं. कुरिअर नोव्हेंबर संपायच्या आत पोचलं, मी नेऊन दिलं आणि पोच घेतली. ऑगस्टात दिलेल्या अर्जाची पोच बरोबर होती म्हणून कुणी जास्त विचारलं नाही. काका, त्या एका सल्ल्याचे उपकार आहेत.

कायमचं तिकडे राहायचं मात्र आईने नाही म्हटलं. लेखापाल यांचा करावरचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला होता, पण कारण ते नाही. तिला तिकडची थंडी सोसत नाही आणि अमळनेरच्या मैत्रिणींशिवाय करमत नाही. दरवर्षी हिवाळा टाळून थोडे महिने जाईन म्हणते.

लेखापाल जळगाव (१४ डिसेंबर)

चांगलं झालं. दरवर्षी जाणार असतील तर एप्रिल ते मार्च या वर्षात भारतातले दिवस १८२ च्या वर राहतील असं तिकीट काढा, म्हणजे निवासी राहण्यात शंका उरणार नाही.

साक्रीकर (१६ डिसेंबर)

आज धागा सापडला. माझे वडील राज्य सरकारचे पेन्शनर, सिडनीला आहेत, नोव्हेंबर हुकला. आता काय करू?

कोषागारवाले काका (१६ डिसेंबर)

घाबरू नका. सिडनीतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात आत्ताच वेळ घ्या, दाखला आणि पीपीओची प्रत धुळ्याच्या कोषागारात पाठवा. सोबत वडिलांच्या सहीचा एक अर्ज जोडा, त्यात पीपीओ क्रमांक, बँक, शाखा आणि पेन्शन कुठल्या महिन्यापासून थांबली ते लिहा. कागद पोचल्यावर आठवडाभराने फोन करून यादीत नाव चढलं का विचारा. थांबलेले पैसे एकदम जमा होतील.